उजव्या हाताला मैया, सोबतीला ताई

नर्मदा परिक्रमेला निघायचं म्हटलं की लोक आधी अंतर विचारतात, मग खर्च, आणि निघणारी बाई असेल तर सुरक्षिततेचं काय, असं विचारतात. पायी परिक्रमा पुरी केल्यावर माझं मत असं झालं आहे, की या तिन्हींच्या आधी सोबतीला कोण आहे हे विचारायला हवं. मी माझ्या थोरल्या बहिणीबरोबर चालले. ताई आरोग्यसेविका म्हणून निवृत्त झालेली, मी बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतलेली. एका घरात वाढलो खरं, पण लग्नानंतरच्या भेटी दिवाळी-भाऊबिजेच्या आणि लग्नकार्याच्या. चोवीस तास एकमेकींच्या सोबतीने राहण्याची वेळ परिक्रमेतच आली.

आधी वाटेविषयी. मध्य प्रदेशातल्या अमरकंटकला उगम पावून भडोचच्या पुढे खंबातच्या आखाताला मिळेपर्यंत नर्मदा 1312 किलोमीटर वाहते. तिला सतत उजव्या हाताला ठेवून, पात्र कुठेही न ओलांडता, जिथून निघालो तिथेच परत यायचं, ही परिक्रमा. दोन्ही काठांची नुसती बेरीज सव्वीसशेच्या वर जाते. त्यात डोंगरांचे, उपनद्यांचे आणि धरणांच्या फुगवट्यांचे वळसे धरले की आकडा तीन हजारांच्या पलीकडे पोचतो. उपनद्या ओलांडता येतात, नर्मदा नाही. परंपरेने सांगितलेला काळ तीन वर्षं, तीन महिने, तेरा दिवसांचा. त्यात चातुर्मासात एका जागी मुक्काम करायचा असतो. आज बहुतेक जण कार्तिकी एकादशीनंतर निघतात आणि पावसाळ्याच्या आत परततात. आम्हीही तसंच केलं.

मराठी माणसं बहुधा ओंकारेश्वरहून उचलतात, परिक्रमा 'उचलणं' हाच तिथला शब्द. नर्मदेचं पाणी छोट्या बाटलीत भरायचं, संकल्प सोडायचा, कन्यापूजन करायचं, शिऱ्याची कढाई करायची आणि निघायचं. ती बाटली शेवटपर्यंत जवळ बाळगायची, सकाळ-संध्याकाळ तिची पूजा करायची, आणि काठावर आलो की थोडं पाणी नदीत सोडून तेवढंच ताजं भरून घ्यायचं. निघालेल्या गावच्या सहीशिक्क्याचा एक कागदही जवळ असतो. वाटेतल्या आश्रमांचे शिक्के त्यावर घेत जातात. ओंकारेश्वराचं देऊळ मांधाता बेटावर आहे. तिथे जायचं तर प्रवाह ओलांडावा लागतो, म्हणून परिक्रमेत असताना तिथे जायचं नाही. दक्षिण काठावरच्या ममलेश्वराला नमस्कार करायचा आणि ओंकारेश्वराला पाणी वाहायचं ते परिक्रमा संपल्यावर. ज्योतिर्लिंग समोर दिसत असताना पाठ फिरवून चालू लागणं ताईला फार जड गेलं.

दक्षिण काठाने पश्चिमेकडे निघालं की निमाड लागतो. कापूस वेचणाऱ्या बायका, केळीच्या बागा, आणि दिवस पुढे सरकले की अंगणभर वाळत घातलेल्या लाल मिरच्या. याच टप्प्यात आम्हाला आमची चाल समजली. मी झपाझप चालते, मग बसते. ताई सावकाश चालते, पण बसत नाही. रस्त्यावर मी अर्धा किलोमीटर पुढे, मग झाडाखाली वाट बघत. ती आली की मी विसावा घेऊन ताजी, आणि तिला मात्र थांबायला मिळालेलं नाही. नवरा-बायको, बाप-लेक, भाऊ-भाऊ अशा वाटेत भेटलेल्या बहुतेक जोड्यांची कुरबुर नेमकी इथेच होती. ताईने एका दुपारी विषय काढला. "अगं, तू पुढे चाल, मला त्याचं काही नाही. पण प्रत्येक फाट्यावर थांब, आणि आसन कुठे लावायचं ते मी सांगीन." आसन लावणं म्हणजे मुक्कामाला पथारी टाकणं. त्या दिवसापासून मुक्काम तिने ठरवला. पुढचा आश्रम चारच किलोमीटरवर आहे, उजेड अजून आहे, हे मला दिसायचं. पण तिच्या पायांत किती उरलंय, हे तिलाच ठाऊक असायचं.

पायांची गोष्ट निघाली आहे तर सांगते. परिक्रमा सोडावी लागणाऱ्यांना बहुधा पायच दगा देतात, आणि त्यातही सुरुवातीचे फोड. ताईची रीत अशी होती: सुई निर्जंतुक करायची, तिच्यात जंतुनाशकात बुडवलेला दोरा ओवायचा, फोडाच्या कडेने आरपार काढायचा आणि दोरा रात्रभर आतच ठेवायचा. पाणी दोऱ्यावाटे झिरपून जातं, वरची कातडी शाबूत राहते. सकाळी दोरा काढून टाकायचा, जागा पुसून पट्टी, वर मोजा. वय किंवा मधुमेह असेल त्यांनी हे स्वतःचं स्वतः करू नये, जवळच्या आरोग्य केंद्रात जावं, हेही ती बजावून सांगायची. काही आश्रमांत संध्याकाळी तिच्यासमोर पाय पुढे करून बसलेल्यांची रांग लागायची.

दिवसाचा क्रम ठरलेला. पहाटे पूजा, चालणं, कुणाच्या तरी ओट्यावर चहा-पोहे. या न्याहारीला तिथे बालभोग म्हणतात. दुपारी भोजनप्रसादी, संध्याकाळी आसन. काही ठिकाणी शिजवलेलं मिळतं, काही ठिकाणी सदाव्रत, म्हणजे पीठ, डाळ, तांदूळ, मीठ असा कोरडा शिधा. तो आपण रांधून घ्यायचा. एका ओसरीवर आम्ही तीन दगडांची चूल मांडली, तेव्हा घरातली सून न बोलता आपल्या चुलीतला निखारा पळीत घेऊन आली आणि काटक्यांखाली ठेवून गेली. दारात गेलं की "आवो माताजी" म्हणून पाण्याचा लोटा पुढे येतो. नाव, जात, गाव नंतर, पुष्कळदा विचारतही नाहीत. परिक्रमेचा हा मार्ग कुठल्या खात्याने आखलेला नाही. त्याच्यावर ना तिकीट आहे ना कार्यालय. काठावरची माणसं पिढ्यानपिढ्या चालणाऱ्याला जेवू घालतात, म्हणून तो आहे. आपण वर्णनं लिहितो ती आपल्या चालण्याची. पण मार्ग तगवला आहे तो न चालणाऱ्यांनी, असं मी ठामपणे म्हणते.

बडवानी सोडलं की सातपुड्याचे डोंगर सुरू होतात. हीच शूलपाणीची झाडी. पूर्वी इथे परिक्रमावासीयाला अंगावरच्या लंगोटीपर्यंत लुटत, हे जुन्या वर्णनांत हमखास वाचायला मिळतं. आता तशी लूट होत नाही, उलट पाड्यांवर जेवणाची सोय आहे. बदलली आहे ती वाट. सरदार सरोवराची उंची 138.68 मीटरपर्यंत गेली, 2017 मध्ये धरणाचं लोकार्पण झालं आणि 2019 मध्ये ते पहिल्यांदा पूर्ण भरलं. पाण्याचा फुगवटा दोनशे किलोमीटरहून लांब पसरतो. काठाकाठाने जाणारी जुनी पायवाट, शूलपाणेश्वराचं मूळ देऊळ, कितीतरी गावं त्याखाली गेली. त्यामुळे पुष्कळ जण खेतिया, शहादा, प्रकाशा असा डांबरी रस्ता धरतात. आम्ही डोंगरातून गेलो.

नर्मदा महाराष्ट्राला लागते ती इथेच, नंदुरबार जिल्ह्यात, सीमेवरून अवघी 74 किलोमीटर. आपल्याकडच्या बहुसंख्य लोकांना नर्मदा महाराष्ट्राची नदी आहे हे ठाऊकच नसतं. भिल्ल आणि पावरा समाजाची घरं इथे एकमेकांना चिकटून नसतात. प्रत्येकाचं आपापल्या शेताच्या टेकाडावर, कुडाच्या भिंतींचं. एका घरी मक्याची भाकर आणि उडदाची डाळ मिळाली. म्हातारीला हिंदी येत नव्हतं, मराठी मोजकी, आम्हाला पावरी शून्य. तरी ताईने तिच्या नातवाचा कान बघितला, कापसाने पुसून औषध कुठून आणायचं ते तिच्या सुनेला समजावलं. मणिबेलीपासूनची ही गावं महाराष्ट्रात सगळ्यात आधी बुडिताखाली आली. शहरांना आणि कच्छपर्यंतच्या शेतांना त्या पाण्याने काय दिलं हे खरंच आहे, पण ज्या घरात आपण जेवतो त्या घराचं जुनं शेत समोरच्या पाण्याखाली आहे, हे कळल्यावर घास सहज उतरत नाही. जाणाऱ्यांना एक विनंती: पाड्यावरच्या पोरांना गोळ्या-चॉकलेटं वाटू नका. मुलं रस्त्यावर हात पसरायला शिकतात आणि कागद डोंगरात राहतात. द्यायचंच असेल तर तिथल्या शाळेत वह्या द्या.

पुढे राजपिपळा, अंकलेश्वर आणि हांसोट तालुक्यातलं विमलेश्वर. दक्षिण काठ इथे संपतो. नदी समुद्राला मिळते त्याच्या पलीकडून, म्हणजे समुद्रातून होडीने उत्तर काठाला जायचं. नदी ओलांडली असं होत नाही, कारण पाणी समुद्राचं. होडी भरतीवर सुटते. भरती मध्यरात्री असेल तर मध्यरात्रीच जायचं. नंबर लागेपर्यंत सगळे विमलेश्वरला थांबून. चिखलातून होडीपर्यंत जाताना ताईने माझा दंड जो धरला तो मिठी तलाईला उतरेपर्यंत सोडला नाही. मधल्या काही तासांत कुठलाच काठ दिसत नाही. बाटलीतलं थोडं पाणी इथे सागराला वाहतात.

उत्तर काठाची चढण पूर्वेकडे. गुजरातमधला टप्पा मराठी माणसाला परका वाटत नाही. गरुडेश्वरला वासुदेवानंद सरस्वती म्हणजे टेंबेस्वामींची 1914 सालची समाधी आहे, नारेश्वरला रंगावधूत महाराजांचं स्थान. पुढे मध्य प्रदेशात अहिल्याबाईंचं महेश्वर. तिथले घाट बघताना दगड कसा झिजावा याचाही कुणी विचार केला असेल, असं वाटतं. गो. नी. दांडेकरांच्या 'कुणा एकाची भ्रमणगाथा'पासून जगन्नाथ कुंटे आणि भारती ठाकूर यांच्या पुस्तकांपर्यंत मराठीने या नदीवर भरभरून लिहिलं आहे. पण घरच्या माणसाबरोबर चालणाऱ्यांनी जबलपूरचे चित्रकार अमृतलाल वेगड वाचावेत. शांतिनिकेतनात नंदलाल बोस यांच्या हाताखाली शिकलेल्या वेगडांनी 1977 मध्ये, पन्नाशीच्या उंबरठ्यावर चालायला सुरुवात केली आणि वर्षानुवर्षं तुकड्यातुकड्याने काठ पुरे केले. नंतरच्या टप्प्यांत पत्नी कांता त्यांच्याबरोबर होत्या. राजकारणातले दिग्विजय सिंह यांनीही पत्नीसह 2017-18 मध्ये बर्मान घाटावरून पायी परिक्रमा केली होती.

नेमावरच्या पुढे उन्हं तापली. जबलपूरपासून मंडलाकडे जाताना बर्गी धरणाच्या फुगवट्याने पुन्हा लांबचे वळसे. या टप्प्यात एका गोंड पाड्यावर ताई तापाने अंथरुणाला खिळली. तीन दिवस घरातल्या बाईने तिला पेज पाजली, डोक्यावर ओलं फडकं ठेवलं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या घरी जाऊन नाडी बघणाऱ्या ताईला कुणी आपलं करतंय हे सोसवेना. "मी यांचं काय देणं लागते गं?" असं ती विचारत राहिली. मी म्हटलं, "घे, ताई. नुसतं घे." निघताना तिने पैसे पुढे केले नाहीत, त्या घरातल्या दोन मुलींचं कन्यापूजन केलं, त्यांच्या पायांवर पाणी घातलं आणि नमस्कार केला.

आजारपणात मात्र एक प्रश्न सुटलेला होता म्हणून बरं. तो आम्ही ओंकारेश्वरला संकल्पाच्या आदल्या रात्री सोडवला होता. एकीला थांबावं लागलं तर दुसरीनेही थांबायचं. थांबणं लांबलं तर दोघींनी घरी जायचं आणि पुढच्या वर्षी त्याच गावापासून पुढे चालायचं. खंडाने परिक्रमा करणारे खूप आहेत आणि त्यात काही कमीपणा नाही. वाटेत आम्हाला दोघे सख्खे भाऊ भेटले, त्यांच्यातला एक गुडघ्यामुळे मागे राहिलेला, दुसरा पुढे निघून गेलेला. मागे राहिलेला माणूस आश्रमाच्या ओट्यावर बसून दिवसभर फोन बघत असे.

अमरकंटक सुमारे हजार मीटर उंचीवर, सालवृक्षांच्या रानात. विमलेश्वरला जिचा दुसरा काठ दिसत नव्हता ती इथे ओढ्याएवढी. गावातली पोरं उडी मारून अलीकडे-पलीकडे करतात; परिक्रमावासी मात्र उगमाला वळसा घालूनच दक्षिण काठावर येतो. तिथून बर्मान, नर्मदापुरम, हंडिया करत ओंकारेश्वर. मांधातावर जाऊन बाटलीतलं पाणी वाहिलं, कढाई केली.

एवढं चालणं प्रत्येकाला जमणार नाही. चैत्रात गुजरातमधल्या तिलकवाड्याजवळ, नर्मदा उत्तरेकडे वाहते तिथे, सुमारे 20 किलोमीटरची उत्तरवाहिनी परिक्रमा असते, ती एका दिवसात होते. आईवडिलांना घेऊन जायचं असेल तर तिथून सुरुवात करावी. मोठ्या परिक्रमेचा विचार असेल तर निघण्याआधी किमान महिनाभर, पाठीवर ओझं घेऊन, सोबत येणाऱ्याच्याच बरोबर चाला. पाठपिशवी सहा किलोच्या वर जाऊ देऊ नका. जो सावकाश चालतो त्यालाच मुक्काम ठरवू द्या. आणि एकाला थांबावं लागलं तर दुसऱ्याने काय करायचं, ते घरी, दिवाळीच्या फराळाला बसाल तेव्हाच बोलून घ्या.