कुरकुरणारा एसएमपीएस आणि वॉरंटीचा कागद

घरचा संगणक : लेखांक ९

गेल्या दोन लेखांकांत आपण मुळात सुरूच न होणाऱ्या संगणकाचा विचार केला. त्या दुखण्यात एक सोय असते. एसएमपीएस, म्हणजे संगणकाला वीज पुरवणारा डबा, मेला की मेला, त्यावर काउंटरपलीकडच्या माणसाशी वाद घालावा लागत नाही. आवाज करणाऱ्या एसएमपीएसचे तसे नाही. संगणक चालतो, बारा व्होल्ट बाराच दिसतात, काम कुठे अडत नाही, आणि तरीही रात्री त्या खोलीत बसवत नाही. वॉरंटी तीन वर्षांची असो की दहा, सर्व्हिस सेंटरचे उत्तर बहुधा ठरलेले असते: ‘चालतोय ना? मग एवढा आवाज नॉर्मल आहे.’ ग्राहकाला ही उडवाउडवी वाटते, आणि पुष्कळदा ती असतेही. पण असा वाद ग्राहक हरतो तो कंपनीच्या लबाडीमुळे कमी आणि चुकीच्या मुद्द्यावर भांडल्यामुळे जास्त. आवाज किती मोठा आहे, किती त्रास होतो, हे कितीही तळमळीने सांगितले तरी पलीकडच्या माणसाला त्यावरून काहीच ठरवता येत नाही. आवाज कोणत्या जातीचा आहे, नेमका कधी येतो आणि वस्तू घेतली तेव्हापेक्षा काय बदलले, एवढे दाखवता आले तर पारडे ग्राहकाकडे झुकते. या लेखांकाचे म्हणणे एवढेच आहे.

या डब्यात आवाज करू शकतील अशा गोष्टी मुळात थोड्या. भिंतीतून येणारा २३० व्होल्टचा एसी आत शिरताच डीसी होतो, सेकंदाला हजारो वेळा त्याचे तुकडे पाडून तो लहानशा ट्रान्सफॉर्मरमधून नेला जातो आणि बाहेर १२, ५ आणि ३.३ व्होल्ट मिळतात. यात सतत फिरणारा भाग एकच, पंखा. घरघर, खरखर, टकटक हे बहुधा त्याचे आवाज. साध्या स्लीव्ह बेअरिंगमधले वंगण उष्णतेने आटले की थंड संगणक सुरू करताना पंखा घुरघुरतो आणि काही मिनिटांत शांत होतो. पुढे ती मिनिटे वाढत जातात. पाते जाळीला किंवा एखाद्या वायरला घासत असेल तर टकटक फेऱ्यांच्या तालात येते. नुसत्या हवेचा सूं आवाज मात्र वेगळा धरायचा. भार वाढला की तो वाढणारच, कारण उष्णता बाहेर टाकावी लागते. ४०० वॅट पुरवताना ८० टक्के कार्यक्षमतेचा एसएमपीएस १०० वॅटची उष्णता तयार करतो, ९० टक्क्यांचा सुमारे ४४ वॅटची. नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात खोलीचेच तापमान चाळिशीकडे गेलेले असताना पंखा जोरात फिरत असेल, तर तो आपले काम चोख करतो आहे. त्याची तक्रार नेण्यात अर्थ नाही.

दुसरी जात म्हणजे बारीक चिरचिर किंवा शीळ. बाजारात तिला ‘कॉइल व्हाइन’ म्हणतात. गाभ्यावर गुंडाळलेल्या तांब्याच्या वेटोळ्यातला प्रवाह कमीजास्त झाला की चुंबकीय बल कमीजास्त होते, आणि तार व गाभा अगदी सूक्ष्म थरथरतात. स्विचिंगची गती सेकंदाला साधारण ६० हजारांच्या पुढे असते आणि माणसाचा कान तरुणपणीही २० हजार हर्ट्झपर्यंतच पोचतो, म्हणजे खरे तर ही थरथर ऐकूच यायला नको. ती ऐकू येते मुख्यतः दोन कारणांनी. भार अगदी कमी असला की वीज वाचवण्यासाठी सर्किट सलग न चालता थांबत थांबत चालते, आणि त्या झटक्यांची गती कानाच्या टप्प्यात उतरते. किंवा भारच हेलकावे खातो: एखाद्या गेमच्या मेनूवर ग्राफिक्स कार्ड सेकंदाला हजारभर फ्रेम काढू लागले की त्याच तालात वीज ओढली जाते आणि वेटोळे त्या सुरात शीळ घालते. फ्रेमची मर्यादा ६० वर बांधताच शीळ थांबली, तर रोख या दुसऱ्या कारणाकडे वळतो. वेटोळ्यावरचा लेप किंवा गोंद कसा बसला यावर एकाच मॉडेलचे दोन नग वेगळे वागतात. तिसरी जात खालच्या सुरातल्या घूं आवाजाची. तो मूळ १०० हर्ट्झचा, कारण आपल्या ५० हर्ट्झच्या विजेच्या प्रत्येक आवर्तनात दोन शिखरे येतात. सुरू करताना किंवा बंद करताना एकदाच येणारी ‘टक’ बहुधा आतल्या रिलेची, तिची काळजी नको. पण तडतड आणि सोबत जळका वास आला, तर जात ओळखत बसू नये. स्विच बंद करावा, प्लग काढावा आणि पुन्हा लावून बघू नये.

आता ‘नॉर्मल’ या उत्तराकडे वळू. ते अर्धे खरे आहे. कॉइलच्या शिळीने एसएमपीएस बिघडतो असे नाही. शीळ घालणारे नग वर्षानुवर्षे नीट वीज पुरवतात, आणि याच आधारावर अनेक कंपन्या ही तक्रार वॉरंटीत धरत नाहीत. खोक्यावरचा ‘८० प्लस गोल्ड’चा बिल्ला इथे कामी येत नाही, कारण तो ठरावीक भारांवरची कार्यक्षमता सांगतो, आवाजाबद्दल त्यात अवाक्षर नसते. सायबेनेटिक्स ही संस्था ‘लॅम्डा’ या नावाने आवाजाची वेगळी श्रेणी देते, पण ती किती खोक्यांवर दिसते हे दुकानात गेल्यावर कळतेच. उरलेले अर्धे उत्तर मात्र खोटे ठरू शकते, आणि तेही कंपनीच्याच शब्दांनी. ‘सायलेंट’, ‘अमुक भारापर्यंत पंखा बंद’, ‘इतके डेसिबल’ असे काही तिने स्वतः छापले असेल, तर मोजपट्टी तिनेच आपल्या हातात दिलेली आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये वस्तूतील दोषाची जी व्याख्या आहे, तिच्यात विक्रेत्याने वस्तूबद्दल केलेल्या दाव्यापेक्षा दर्जा कमी असणेही येते. म्हणून बिलाइतकेच खोके जपावे, आणि वस्तू घेतली त्याच दिवशी कंपनीच्या माहितीपानाची प्रत ठेवावी. ती पाने पुढे बदलतात.

तक्रार नेण्याआधी मात्र आरोपी तोच आहे ना, हे बघणे आपल्याच हिताचे. आपल्याकडे इथे सर्वांत जास्त फसगत यूपीएस आणि इन्व्हर्टरमुळे होते. स्वस्त यूपीएस बॅटरीवर गेला की शुद्ध साइन वेव्ह न देता पायऱ्यापायऱ्यांची लहर देतो, आणि ॲक्टिव्ह पीएफसी (पॉवर फॅक्टर सुधारणारे सर्किट) असलेला चांगला एसएमपीएसही तिच्यावर घूं करू लागतो. वीज गेल्यावरच आवाज येत असेल, तर आधी संशय यूपीएसवर घ्यावा. थेट भिंतीच्या सॉकेटवर लावून बघितले की याचा निकाल लागतो. दुसरा संशयित ग्राफिक्स कार्ड, कारण त्याच्यावरही तशीच वेटोळी असतात. वर्तमानपत्राची सुरळी करून एक टोक कानाला आणि दुसरे आळीपाळीने कार्ड व एसएमपीएसजवळ धरले, तर पुष्कळदा उगम कळतो. ओळखीच्याकडून दुसरा एसएमपीएस तासभर मिळाला तर उत्तमच. तिसरी शक्यता कॅबिनेटची: सैल स्क्रू, थरथरणारा पत्रा, धुळीने बुजलेली जाळी. एसएमपीएस न उघडता, बाहेर पुठ्ठ्यावर ठेवून चालवला की हाही संशय फिटतो.

पुरावा गोळा करताना मोबाइलवरच्या डेसिबल ॲपवर फार भिस्त ठेवू नये. फोनचा माइक आवाज आपोआप कमीजास्त करतो, आणि मोकळ्या जागेत अंतर निम्मे केले की आकडा ६ डेसिबलने चढतो. कंपनीचा माणूस तो आकडा सहज उडवून लावेल. आवाजाची वारंवारता मात्र इतक्या सहज बदलत नाही. वारंवारतांचा आलेख दाखवणारी फुकट ॲप मिळतात. १०० हर्ट्झवरचे शिखर, सात पात्यांच्या पंख्याचे मिनिटाला १,२०० फेऱ्यांवर येणारे १४० हर्ट्झचे शिखर आणि काही हजार हर्ट्झवरची शीळ त्यांत वेगवेगळी दिसतात. फोन एकाच जागी ठेवून संगणक बंद, रिकामा आणि भाराखाली अशी तीन ध्वनिमुद्रणे करावीत. मग तक्रार अशी लिहिता येते: ‘पहिले १४ महिने आवाज नव्हता. आता थंड संगणक सुरू केल्यावर सुमारे ८ मिनिटे पंख्याची घरघर येते. यूपीएसशिवाय, थेट सॉकेटवरही येते. कॅबिनेटबाहेर ठेवूनही येते. एक फुटावरून केलेले ध्वनिमुद्रण सोबत आहे.’ यातला ‘थंड’ हा शब्द सर्वांत मोलाचा. लॅमिंग्टन रोडसारख्या गजबजाटातल्या काउंटरवर एसएमपीएस छोट्या टेस्टरला लावला जातो, चार दिवे लागतात आणि ‘दोष आढळला नाही’ असा शेरा पडतो. जो आवाज ३०० वॅट भारावर किंवा सकाळच्या पहिल्या दहा मिनिटांतच येतो, तो तिथे येणारच नाही. आवाज कोणत्या स्थितीत येतो हे लिहून दिले की त्या स्थितीत न तपासता दिलेला शेरा लंगडा पडतो.

यावर व्यवहारी माणूस म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? काही शे रुपयांचा पंखा आणावा, चार स्क्रू काढावेत आणि मोकळे व्हावे. वॉरंटी संपलेल्या वस्तूबाबत जाणकार कारागिराकडून हे करून घेणे ठीक. वॉरंटीत असताना मात्र सौदा उलटा पडतो. स्क्रूवरचे सील फाटले की कंपनीला नकार द्यायला आयतेच कारण मिळते, आणि मग उरलेल्या वर्षांत पंखा सोडून दुसरे काही बिघडले तरी भुर्दंड आपलाच. शिवाय २३० व्होल्ट एसीचा डीसी होताना मुख्य कपॅसिटरवर ३२५ व्होल्टच्या आसपास, ॲक्टिव्ह पीएफसी असेल तर ३८० ते ४०० व्होल्ट साठतात, आणि प्लग काढल्यावरही ते काही काळ तिथेच राहतात. स्वयंपाकघरातल्या मिक्सरसारखे हे यंत्र धीटपणे उघडण्याजोगे नाही. नवा पंखा जुन्याइतकी हवा देईलच असेही नाही; आवाज गेला आणि उष्णता राहिली तर कपॅसिटरचे आयुष्य घटते. दर १० अंशांना ते साधारण निम्मे होते, असा या धंद्यातला ठोकताळा आहे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार. बदलून मिळणारा नग पुष्कळदा दुरुस्त करून आलेला असतो, त्यालाही शीळ असू शकते, वॉरंटी बहुतेक ठिकाणी जुन्याच तारखेपासून मोजली जाते आणि मधले दिवस संगणक बंद. हे सगळे खरे आहे, आणि म्हणूनच प्रत्येक आवाज घेऊन सर्व्हिस सेंटर गाठू नये. भाराबरोबर वाढणारा हवेचा आवाज आणि फ्रेम बांधल्यावर जाणारी शीळ यांसाठी नग बदलणे म्हणजे पुन्हा सोडत काढणे. तिथे सेटिंग बदलून भागवावे. बेअरिंगची घरघर, घासणारे पाते, काही महिन्यांनी नव्याने सुरू झालेली घूं किंवा छापील दाव्याला खोटे पाडणारा आवाज यांसाठी मात्र जरूर भांडावे, कारण इथे बदल किंवा दावा हाच पुरावा आहे.

भांडण काउंटरवर मिटले नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे आणि त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूसाठी तिथे शुल्क नाही, तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते आणि त्यासाठी कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. पाच-सहा हजारांच्या डब्यासाठी आयोगापर्यंत कोण जाणार, हा प्रश्न रास्त आहे. त्यात कायद्याच्या कलम ३८ नुसार प्रयोगशाळेतली चाचणी लागली तर तिचे शुल्कही आधी तक्रारदाराला भरावे लागू शकते. पण आयोगापुढे टिकेल अशी तक्रार पहिल्याच दिवशी लिहून दिली, तर बहुतेक वेळा तिथवर जावे लागत नाही. बिल, छापील दावा, तीन ध्वनिमुद्रणे आणि आवाज केव्हा येतो याच्या चार ओळी हातात असलेल्या ग्राहकाला ‘नॉर्मल’ म्हणून परत पाठवणे कंपनीलाच महाग पडते.

(पुढील लेखांक : यूपीएस घेताना व्हीएचा आकडा कसा वाचावा)