आराम देणारे मलमच चेहऱ्याची आग होते तेव्हा...

चेहरा धुताना साधे पाणी लागले तरी झोंबते. उन्हात पाच मिनिटे उभे राहिले की गाल तापून लाल होतात. स्वयंपाकघरात गॅससमोर उभे राहणे नकोसे होते. वर्षानुवर्षे वापरलेला साबण, पावडर, इतकेच काय खोबरेल तेलही अचानक सोसेनासे होते. अशा तक्रारी घेऊन त्वचारोगतज्ज्ञांकडे येणाऱ्यांत महाविद्यालयीन मुली असतात, गृहिणी असतात, नोकरदार स्त्रिया असतात आणि दाढीनंतर मलम चोळणारे पुरुषही असतात. 'माझी त्वचा मुळातच नाजूक आहे', अशी त्यांतील अनेकांची समजूत झालेली असते. मात्र रोज काय लावता, असे विचारल्यावर पर्समधून एक छोटी ट्यूब बाहेर निघते आणि दुखण्याचे मूळ कळते. ही त्वचा जन्मतः नाजूक नव्हती. महिनोन् महिने लावलेल्या स्टेरॉइडयुक्त मलमाने ती तशी झालेली असते.

भारतीय त्वचारोगतज्ज्ञांनी या विकाराला 'टॉपिकल स्टेरॉइड डॅमेज्ड फेस' असे नाव दिले आहे. स्टेरॉइड मलमामुळे बिघडलेला आणि त्याच मलमावर अवलंबून राहिलेला चेहरा, असा त्याचा सरळ अर्थ. योग्य उपचारांनी यातून बाहेर पडता येते. पण त्यासाठी आधी हा विकार ओळखावा लागतो आणि नंतर बराच धीर धरावा लागतो.

आराम खरा, पण उसना

त्वचेवर लावण्याचे हायड्रोकॉर्टिसोन १९५२ मध्ये वैद्यकात आले आणि इसबासारख्या विकारांच्या उपचारांत क्रांती झाली. त्यानंतर बीटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल अशी अधिकाधिक तीव्र औषधे आली. ही औषधे त्वचेतील दाह दाबतात आणि रक्तवाहिन्या आकुंचित करतात. त्यामुळे लाली उतरते, खाज थांबते, पुटकुळ्या बसतात आणि त्वचा काही काळ उजळही दिसते. पहिल्या काही दिवसांतला हा चमत्कारच घात करतो.

तळहात किंवा पाय यांच्या तुलनेत चेहऱ्याची त्वचा पातळ असते. हायड्रोकॉर्टिसोन त्वचेतून किती शोषले जाते याचा अभ्यास १९६७ मध्ये झाला. हाताच्या आतील बाजूच्या तुलनेत कपाळावर ते सुमारे ६ पट, तर जबड्याच्या भागात सुमारे १३ पट शोषले जात असल्याचे त्यात आढळले. हातापायांवरील इसबासाठी दिलेले मलम चेहऱ्यावर लावणे किती महागात पडू शकते, हे यावरून लक्षात यावे.

दीर्घकाळ वापराने त्वचेचे वरचे आवरण विरळ होते. त्वचेला बळकटी देणाऱ्या कोलॅजनची निर्मिती मंदावते, बारीक रक्तवाहिन्या बाहेरून दिसू लागतात आणि स्थानिक प्रतिकारशक्ती घटते. मुरुम वाढतात, गालांवर अनावश्यक लव येते, कुठे पांढरट तर कुठे काळसर डाग पडतात. नायट्यावर असे मलम लावल्यास त्याचे रूपच बदलते आणि निदान अवघड होते. मलम थांबवले की आकुंचित रक्तवाहिन्या एकदम फुलतात, चेहरा लालबुंद होतो आणि आग सुरू होते. घाबरून पुन्हा तेच मलम लावले जाते, आराम पडतो आणि चक्र पुढे सुरू राहते. त्वचेच्या या 'व्यसना'चे वर्णन वैद्यकीय नियतकालिकांत १९७० च्या दशकापासूनच येऊ लागले होते.

ट्यूब घरात येते कशी?

वांगावरच्या उपचारासाठी १९७५ मध्ये क्लिगमन या त्वचारोगतज्ज्ञाने हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड यांचे मिश्रण सुचवले. त्याच धर्तीवर, पण मोमेटासोनसारखे स्टेरॉइड घातलेली मलमे भारतात आली. ही मलमे वांगासाठी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि मोजके आठवडे वापरायची असतात. प्रत्यक्षात ती 'गोरेपणाचे क्रीम' म्हणून घरोघरी पोहोचली. लग्न ठरलेल्या मुलीला मावशी सुचवते, पार्लरमधून शिफारस होते, मैत्रीण आपली ट्यूब देऊ करते आणि दुकानदार 'चांगले चालते' म्हणून काउंटरवर ठेवतो. गोऱ्या रंगाची आस हे या विकाराचे सामाजिक मूळ आहे. याखेरीज मुरुम, खाज, पुरळ अशा कोणत्याही तक्रारीवर 'एकच रामबाण' म्हणून स्टेरॉइड, प्रतिजैविक आणि बुरशीरोधक औषध एकत्र असलेली मलमेही सर्रास वापरली जातात.

देशातील १२ त्वचारोग केंद्रांवर झालेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात चेहऱ्याच्या विकारांच्या २,९२६ रुग्णांची पाहणी करण्यात आली. त्यांपैकी ४३३ जण चेहऱ्यावर स्टेरॉइड लावत होते. या ४३३ पैकी ३९२ जणांना दुष्परिणाम झालेले होते आणि २५७ जणांना ते मलम डॉक्टरेतर व्यक्तीने सुचवले होते. उरलेल्यांना डॉक्टरांनीच चिठ्ठी दिली होती. मात्र त्यातील बऱ्याच चिठ्ठ्या त्वचारोगतज्ज्ञांच्या नव्हत्या.

त्वचारोगतज्ज्ञांच्या अखिल भारतीय संघटनेने या प्रश्नावर मोहीम उघडली. केंद्र सरकारने २०१८ मध्ये औषधविषयक नियमांत दुरुस्ती करून स्टेरॉइड मलमांना 'शेड्युल एच'मध्ये आणले. त्यानुसार ही मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. तरीही जुनी चिठ्ठी पुन्हा पुन्हा वापरणे किंवा रिकामी ट्यूब दाखवून नवी घेणे, हे प्रकार थांबलेले नाहीत.

थांबवल्यावरचे कठीण दिवस

उपचाराची पहिली पायरी म्हणजे ते मलम बंद करणे, आणि तीच सर्वांत अवघड असते. मलम सोडल्यावर काही दिवसांत किंवा एक-दोन आठवड्यांत त्रास उसळी घेतो. चेहरा लाल होतो, सुजतो, पुटकुळ्या येतात, त्वचा सोलवटते. रुग्णाला वाटते, औषध सोडल्यामुळे आजार वाढला. अनेक जण याच टप्प्यावर डॉक्टर बदलतात किंवा जुन्या ट्यूबकडे वळतात. ही उसळी येणार आहे आणि ती हळूहळू ओसरणार आहे, याची कल्पना रुग्णाला व घरच्यांना आधीच दिलेली असेल तर निम्मी लढाई जिंकली जाते. पूर्ण सुधारणेला काही आठवड्यांपासून अनेक महिने लागतात. मलम जितके तीव्र आणि वापर जितका दीर्घ, तितका काळ अधिक.

मलम एकदम सोडावे की टप्प्याटप्प्याने, हे डॉक्टर ठरवतात. तीव्र औषध दीर्घकाळ वापरलेले असल्यास काही वेळा थोडे दिवस सौम्य स्टेरॉइडवर आणून मग ते बंद केले जाते. सोबत टॅक्रोलिमस किंवा पिमेक्रोलिमस ही स्टेरॉइड नसलेली दाहशामक मलमे दिली जातात. ही मलमे सुरुवातीचे काही दिवस स्वतःच चुरचुरतात. त्यामुळे ती घाईने सोडू नयेत, पण त्रास फार झाल्यास डॉक्टरांना कळवावे. मुरुमांसारख्या पुटकुळ्या जास्त असतील तर डॉक्सिसायक्लिनसारखी गोळी काही आठवडे दिली जाते. ती गरोदर स्त्रियांना आणि लहान मुलांना देत नाहीत, म्हणून गर्भधारणेची शक्यता असल्यास डॉक्टरांना आधीच सांगावे. दिसणाऱ्या रक्तवाहिन्यांसाठी लेझरचा उपयोग होतो. मात्र तो त्वचा शांत झाल्यावरच.

घरी काय करावे?

आग होणाऱ्या चेहऱ्याला उपचार वाढवून नव्हे, कमी करून आराम पडतो. सकाळ-संध्याकाळ कोमट किंवा साध्या पाण्याने आणि साबणविरहित सौम्य क्लिन्झरने चेहरा धुवावा. निरोगी त्वचा किंचित आम्लधर्मी असते, तिचा पीएच साधारण ५ च्या आसपास असतो; नेहमीच्या साबणाचा तो ९ ते १० असतो. चेहरा न घासता टिपून घ्यावा आणि ओलसर असतानाच सुगंधविरहित साधे मॉइश्चरायझर लावावे. सेरामाइड, ग्लिसरीन किंवा पेट्रोलियम जेली हे घटक त्वचेचे आवरण भरून काढण्यास मदत करतात. आग उठल्यास स्वच्छ मऊ कापडाची गार पट्टी काही मिनिटे ठेवावी. बर्फ थेट चोळू नये.

उन्हापासून बचाव हा उपचाराचाच भाग आहे. झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड असलेले सनस्क्रीन नाजूक त्वचेला सहसा अधिक सोसते. तेही झोंबत असेल तर छत्री, रुंद काठाची टोपी आणि सुती ओढणी कामी येते.

'घरगुती म्हणजे निर्धोक' हा समज मात्र दूर ठेवावा. लिंबाचा रस तीव्र आम्लधर्मी, तर खाण्याचा सोडा अल्कधर्मी. दोन्ही जखमी त्वचेला अपायकारक. बेसन आणि उटण्याचे घर्षण, मुलतानी मातीचा कोरडेपणा, वाफ, दाढीनंतरची तुरटी, टूथपेस्ट हे सारे या काळात बंद ठेवावे. ब्लीच, फेशियल आणि स्क्रब यांनाही सुट्टी द्यावी. नवे कोणतेही उत्पादन आधी कोपराच्या आतील बाजूला रोज दोनदा, आठवडाभर लावून पाहावे आणि एका वेळी एकच नवी गोष्ट सुरू करावी.

प्रत्येक लाली एकसारखी नसते

चेहऱ्याच्या आगीमागे दुसरी कारणेही असू शकतात. नाकाच्या कडेला, भुवयांत लाली आणि तेलकट पापुद्रे असतील तर ते बुरशीशी संबंधित सेबोऱ्हिक डर्मेटायटिस असू शकते व त्यावर किटोकोनॅझोल उपयोगी पडते. गाल-नाक वारंवार लाल होऊन पुटकुळ्या येणे हे रोझेशियाचे लक्षण. मेट्रोनिडॅझोल, अझेलिक आम्ल किंवा आयव्हरमेक्टिनचे मलम त्यावर दिले जाते. गव्हाळ-सावळ्या रंगावर ही लाली चटकन दिसत नसल्याने आग आणि उष्णता जाणवणे हीच खूण मानावी लागते. केसांचा कलप, सुगंधी द्रव्ये किंवा कुंकवाची ॲलर्जी असल्यास पॅच टेस्टने नेमका दोषी घटक सापडतो. लालीसोबत ताप, सांधेदुखी, केस गळणे, तोंडात व्रण अशी लक्षणे असतील तर ल्युपससारख्या आजाराची तपासणी विनाविलंब करून घ्यावी. या सर्व विकारांवर एकच ट्यूब लावणे म्हणजे निदान पुढे ढकलणे होय.

त्याच वेळी स्टेरॉइड मलमांची सरसकट धास्तीही घेऊ नये. इसब, सोरायसिस यांसारख्या विकारांत योग्य तीव्रतेचे मलम योग्य जागी आणि ठरलेल्या मुदतीत वापरले तर ते अत्यंत उपयुक्त आणि सुरक्षित असते. डॉक्टरांनी सुरू केलेले औषध त्यांना न विचारता सोडणेही धोक्याचे. मुंबईतील केईएम, नायर, शीव, जे. जे. किंवा पुण्यातील ससून यांसारख्या सार्वजनिक रुग्णालयांत त्वचारोग विभाग आहेत. त्यामुळे खर्चाच्या भीतीने सल्ला टाळण्याचे कारण नाही.

ट्यूब उघडण्यापूर्वी...

* घटकांची नावे वाचा. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, बेक्लोमेथासोन, फ्ल्युओसिनोलोन, डेक्सामेथासोन ही सर्व स्टेरॉइड आहेत.
* पाकिटावर उभी लाल रेघ असेल तर ते चिठ्ठीने घ्यायचे औषध आहे, सौंदर्यप्रसाधन नव्हे.
* चिठ्ठीतील मलम कोणत्या भागावर, दिवसातून किती वेळा आणि किती दिवस लावायचे, हे डॉक्टरांकडून लिहून घ्या.
* घटक किंवा निर्मात्याचे नाव नसलेले, काही दिवसांत गोरेपणाची हमी देणारे क्रीम घेऊ नका. अशा काही क्रीमांत मूत्रपिंडाला घातक असलेला पारा आढळला आहे.
* तज्ज्ञांकडे जाताना आजवर लावलेल्या सर्व ट्यूब सोबत न्या. कोणते मलम किती दिवस वापरले, हे न लाजता सांगा. अचूक उपचाराची सुरुवात तिथूनच होते.