न खणता चढणारा कॅन्सर

‘पिशवीचा त्रास’ हा मराठवाड्यात फार सैल शब्द आहे. पांढरं जाणं, ओटीपोटातली कळ, पाळी गेल्यानंतर अचानक दिसलेला लाल डाग, सगळं त्यात मावतं. आणि उपायही बऱ्याचदा एकच सुचवला जातो, पिशवी काढून टाका. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांची २०१९मध्ये सरकारला चौकशी करावी लागली. अशा सल्ल्याला अनेकदा कॅन्सरची भीती जोडलेली असते. भीती निराधार नाही, पण तिचा रोख चुकतो. कुठे चुकतो, ते गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या एका विरळ चालीवरून कळतं.

हा कॅन्सर बहुतांशी एचपीव्ही विषाणूच्या काही प्रकारांच्या दीर्घ संसर्गातून होतो. त्या शोधाबद्दल हाराल्ड त्सुर हाउसेन यांना २००८चं नोबेल मिळालं. नेहमीची चाल अशी की, पेशी अस्तराखाली खणत जातात, मग शेजारच्या ऊतींत, योनीकडे, लसिकाग्रंथींत पसरतात. म्हणून सुरुवातीचा टप्पा ठरवताना खोली मिलिमीटरमध्ये मोजतात. क्वचित मात्र रोग खणत नाही, चढतो. भिंतीला ओल चढावी तसा तो मूळचं अस्तर हटवत गर्भाशयाच्या पोकळीत, तिथून गर्भनलिकेत, एखादीच्या बीजांडकोशापर्यंतही जातो. खोली नगण्य, पसारा मोठा. हे निरनिराळे रोग एकाच वेळी उद्भवले असतील, ही शंका रास्त आहे. पण मुखापासून वरपर्यंत सलग पट्टा सापडतो आणि दोन्ही टोकांना विषाणूचा तोच प्रकार मिळतो, तेव्हा एकच रोग चढला असं मानणं सयुक्तिक ठरतं. गंमत म्हणजे आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात तो गर्भाशयाच्या वरच्या भागात शिरल्याने टप्पा बदलत नाही. कागदावर तो ‘लवकरचा’च राहतो!

इतक्या दुर्मीळ गोष्टीचं खेड्यात काय, असं कुणी म्हणेल. तिचा उपयोग एवढाच की, डोळ्यांना दिसतं तेवढंच खरं, हा समज ती मोडते. ॲसिटिक आम्ल लावून मुख पाहण्याची तपासणी स्वस्त आहे आणि मुंबईच्या वस्त्यांत तिने जीव वाचवलेही. पण पाळी गेल्यावर रोग जिथे सुरू होतो ती सीमारेषा आत सरकते आणि नजरेआड होते. एचपीव्ही चाचणीला ती दिसण्याची गरज नाही. १९९९मध्ये सुरू झालेल्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातल्या अभ्यासात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया होत्या. टाटा मेमोरियल आणि बार्शीचं नर्गिस दत्त रुग्णालय त्यात सहभागी होती. आठ वर्षांत, एकदाच एचपीव्ही चाचणी झालेल्या गटात या कॅन्सरने ३४ जणी गेल्या. जवळपास तेवढ्याच मोठ्या, नेहमीच्या आरोग्यसेवेवर सोडलेल्या गटात ६४.

मग रोग वर चढतो तर पिशवी आधीच काढलेली बरी नाही का? नाही. बिनतपासणीची शस्त्रक्रिया दडलेल्या कॅन्सरवर झाली, तर ती अपुरी पडते आणि पुढचे उपचार अवघड करून ठेवते. नेहमीच्या प्रकारात, लवकरच्या टप्प्यावर, रोग बीजांडकोशात शंभरात एकीच्याही गेलेला नसतो. त्यामुळे तरुण बाईचे बीजांडकोश सरसकट काढायलाही आधार नाही. पाळी गेल्यानंतरचा डाग अंगावर काढू नका, आणि पिशवी आधीच काढली असेल तर तिचा पॅथॉलॉजी रिपोर्ट मागून घ्या.