न रंगवलेली भिंत

मंडळी, आपल्या कुंभारीपासून समुद्र बराच लांब. तरी आज समुद्रकाठच्या एका घरापासून सुरुवात करू आणि घटापर्यंत येऊ. कुंभारीत घट टाळून कसं चालेल!

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातली मुंबई घ्या. किल्ल्याच्या तटाबाहेर एस्प्लनेडचं मोठं मैदान होतं. ओव्हल, क्रॉस मैदान, आझाद मैदान हे त्याचेच उरलेले तुकडे. तोफांसाठी ते मोकळं ठेवायचं, म्हणून उन्हाळ्यात समुद्राचा वारा घ्यायला साहेबलोक तिथे हंगामी बंगले उभारत आणि पावसाळ्याच्या तोंडावर उतरवत. मरिअन पोस्टन्स या बाईंच्या 1839 मधल्या पुस्तकात त्यांचं वर्णन आहे: बांबू, गिलावा, छप्पर, आतून डंगरी कापडाचं अस्तर. (‘डंगरी’ हा शब्द मुंबईच्या डोंगरीवरून इंग्रजीत गेला. सोलापूरकरांना कापडाचं आम्ही काय सांगावं!)

आता समजा, असा एक बंगला कुणा हौशी अधिकाऱ्याने जलरंगात काढला आहे. उन्हात लखलखणारी भिंत बघा. तिथे रंगच नाही, कोरा कागद आहे. पांढरा रंग मिळत नव्हता असं नाही. 1834 पासून ‘चायनीज व्हाइट’ बाजारात होता. पण पारदर्शक जलरंगाची रीत अशी, की छपराची सावली आणि मागचा समुद्र रंगवायचा. भिंत आपोआप दिसते. म्हणजे तिथे रंगाचा अभाव आहे, भिंतीचा नाही.

अभाव कळतो कसा? जमिनीवर घट नाही, हे नैयायिकांच्या मते प्रत्यक्षानेच कळतं. भाट्ट मीमांसक म्हणतात, त्याला अनुपलब्धी हे वेगळं प्रमाण लागतं. भांडण जुनं आहे, पण एक अट दोघांनाही मान्य: घट असता तर दिसला असता, अशी परिस्थिती हवी. अंधाऱ्या खोलीत नुसतं बघून ‘घट नाही’ म्हणता येत नाही.

ही अट आम्हीही वर्गात अनेक वर्षं विसरलो. अशा चित्रात बांबू बांधणारा मजूर नसला की आम्ही लगेच म्हणायचो, ‘बघा, साहेबाला हा माणूस दिसलाच नाही.’ टाळ्याही मिळायच्या. पण बंगला उभारून मजूर निघून गेले आणि चित्र महिन्याभराने काढलं, तर? तेव्हा तो तिथे असता तर दिसला असता, असं म्हणायला आधार काय? त्या कोऱ्या जागेवरून चित्रकाराच्या मनाबद्दल काहीच सिद्ध होत नाही.

उलट, व्हरांड्यात साहेब आहे, मॅडम आहे, कुत्रंसुद्धा आहे, मॅडमच्या हातात चहाचा पेला आहे आणि तो आणणारा कुठेच नाही, असं चित्र असेल तर गोष्ट वेगळी. तिथे नोकर जवळपास असायलाच हवा होता. तिथे जाब विचारायला हरकत नाही, आणि आम्ही तो विचारतो.