पोट लहान झाल्यानंतरचे जेवण

लठ्ठपणा कमी करण्यासाठी पोटावर शस्त्रक्रिया करतात, ही गोष्ट आता खेड्यापाड्यांतही ऐकून माहीत झाली आहे. कुणाचा मधुमेह आटोक्यात येत नव्हता, कुणाचे गुडघे वजनाखाली दबले होते, म्हणून ते मोठ्या शहरात जाऊन ही शस्त्रक्रिया करून आले, असे एखादे उदाहरण तुमच्याही पाहण्यात असेल. रुग्णालयातले दिवस डॉक्टर-परिचारिकांच्या देखरेखीखाली निघून जातात. खरी कसोटी लागते ती घरी परतल्यावर, स्वयंपाकघरात. परवापरवापर्यंत तीन भाकरी सहज पचवणारा माणूस आता चार घासांवर हात आखडतो. आणि तेवढेही कधी कधी पोटात ठरत नाही. मग घरची माणसे घाबरतात. "ऑपरेशन बिघडलं तर नाही ना?" असे कुणी विचारते, तर कुणी म्हणते, "खाल्लंच नाही तर अंगात ताकद कुठून येणार? घ्या अजून थोडं."

मी काही वैद्यकाचा माणूस नव्हे; महाविद्यालयात शिकवतो. पण हा विषय निम्मा वैद्यकाचा असला, तर निम्मा घरातल्या समजुतीचा आहे. कोणता पदार्थ का सोसत नाही, हे एकदा नीट समजले म्हणजे पुष्कळशी भीती जाते, आणि जिथे खरोखर घाबरायला हवे तिथे वेळेवर पावले उचलता येतात. म्हणून आधी या पोटात नेमके काय बदललेले असते, ते पाहू.

आपले जठर म्हणजे नुसती पिशवी नव्हे. त्याचा वरचा भाग अन्न साठवतो आणि खालचा भाग ते घुसळून, बारीक करून थोडे थोडे आतड्यात सोडतो. घरातली कणगी आणि जाते एकाच ठिकाणी असावे तसे. लठ्ठपणावरच्या शस्त्रक्रियांपैकी दोन प्रकार आज विशेष रूढ आहेत. एकाला 'स्लीव्ह' म्हणतात. त्यात जठराचा सुमारे पाऊण भाग काढून टाकतात व उरलेल्या भागाची केळ्यासारखी अरुंद नळी राहते. दुसरा प्रकार 'बायपास'चा. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात एडवर्ड मेसन यांनी १९६६ मध्ये त्याची सुरुवात केली. पुढे त्यात पुष्कळ सुधारणा झाल्या. या प्रकारात जठराच्या वरच्या टोकाशी सुमारे ३० मिलिलिटरची, म्हणजे दोन मोठ्या चमच्यांएवढी, पिशवी वेगळी करतात आणि लहान आतड्याचा पुढचा भाग तिला थेट जोडतात. म्हणजे एकात कणगी फार लहान झाली. दुसऱ्यात कणगी लहान झाली आणि जातेही वाटेतून बाजूला गेले.

आता लक्षात येईल की, जे दळण पूर्वी पोटात होत होते ते आता तोंडात व्हायला हवे. एक घास बत्तीस वेळा चावावा, असे आपली आजी सांगत असे. आपण ते हसण्यावारी नेत होतो. या मंडळींना मात्र ते हसण्यावारी नेता येत नाही. घास करंगळीच्या नखाएवढा, चावणे अगदी पातळ होईपर्यंत, आणि दोन घासांच्या मध्ये चमचा खाली ठेवायचा. जेवणाला वीस ते तीस मिनिटे द्यायची. पाणी जेवताना प्यायचे नाही; जेवणानंतर अर्ध्या तासाने, घोटाघोटाने, पण दिवसभरात दीड लिटरपर्यंत पोटात जाईल असे प्यायचे.

कोणते पदार्थ विशेष त्रास देतात? शस्त्रक्रियेनंतर प्रथम पातळ, मग वाटलेले, मग मऊ आणि साधारण सहा ते आठ आठवड्यांनी नेहमीचे अन्न, अशा पायऱ्या डॉक्टर घालून देतात. अडचण बहुधा शेवटच्या पायरीवर येते. मऊ ताजी पोळी किंवा पाव तोंडात चिकट होतो आणि त्याचा गोळा अरुंद वाटेत बसतो. ज्वारीत गव्हासारखा चिकट अंश नसल्यामुळे भाकरी सहज कुस्करते. तेव्हा वरणात चांगली भिजवून मऊ केलेला भाकरीचा काला काहींना पोळीपेक्षा सोपा जातो. भात आपल्याला हलका वाटतो, आजाऱ्याला आपण आधी भातच देतो. पण तोही गोळा होऊन जड बसू शकतो. तेव्हा आरंभी एक-दोन चमचेच घ्यावा. मटण व कोंबडीचे कोरडे तुकडे यांचे धागे सुटत नाहीत. रश्शात मऊ शिजवलेला बारीक खिमा किंवा काटे काढलेली मासळी त्या मानाने बरी. शेवग्याची शेंग, गवार, पालेभाजीचे देठ, संत्र्याच्या फोडीवरची साल, ओले खोबरे, मक्याचे कणीस यांतला चोथा नीट चावला न गेल्यास पोटात साठून त्याची गाठ होऊ शकते. भाजी सोलून, किसून, मऊ शिजवून घेतली तर पुष्कळदा तीच भाजी सुखाने जाते. दूध सोसेना तर दही किंवा पातळ ताक करून पाहावे. सोड्याच्या बाटलीतला वायू मात्र लहान पोटाला फुगवतो; ती दूरच बरी.

गोडाची गोष्ट निराळी आहे. विशेषतः बायपास झालेल्या माणसाने जिलेबी, श्रीखंड किंवा पेलाभर उसाचा रस घेतला, तर ती साखर जठरात न रेंगाळता एकदम आतड्यात उतरते. दहा ते तीस मिनिटांत छाती धडधडते, घाम सुटतो, पोटात कळ येते, जुलाब होतात, आणि आडवे पडावेसे वाटते. याला 'डंपिंग' म्हणतात. हा प्रकार नवा नाही. अल्सरसाठी जठराचा भाग काढलेल्या रोग्यांत तो डॉक्टरांना फार पूर्वीपासून ठाऊक होता. काहींना हा त्रास एक ते तीन तासांनी होतो. रक्तातली साखर आधी चढून मग फार खाली उतरते, हात कापतात, डोके हलके होते. आपल्याकडे एक समजूत आहे की, साखर वाईट पण गूळ चालतो. या बाबतीत गूळ, काकवी आणि मध ही साखरेचीच भावंडे आहेत, हे पक्के ध्यानात ठेवावे.

तर मग एखादा पदार्थ सोसला नाही की तो कायमचा बंद करायचा का? तसे करू नये. पदार्थाला दोष देण्याआधी स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. घास कोरडा होता का? मी घाईने खाल्ले का? पोट 'पुरे' म्हणाल्यावरही मी पुढे गेलो का? या तिन्हींचे उत्तर 'नाही' असे आले, तरच पदार्थाकडे बोट दाखवावे. मग तो दोन-तीन आठवडे बाजूला ठेवून पुन्हा दोन चमचे घेऊन पाहावा. आज न सोसणारी वस्तू काही महिन्यांनी सोसू लागते, असा पुष्कळांचा अनुभव आहे. नवा पदार्थ एका वेळी एकच घ्यावा. तोही घरी, निवांत असताना. लग्नाच्या पंगतीत प्रयोग करू नये. एक साधी वही ठेवून तीत काय खाल्ले, किती, कसे शिजवलेले होते, पुढे काय झाले, एवढे लिहून ठेवले तर डॉक्टरांना आणि आहारतज्ज्ञांनाही ती वही उपयोगी पडते.

इथे एक फसवी वाट आहे, ती सांगितली पाहिजे. मटण अडकते, डाळ जड वाटते, भाजी नको होते. पण चहात बुडवलेले बिस्किट, आइस्क्रीम, चुरमुरे, फरसाण हे कसे अगदी अलगद उतरते! माणसाला वाटते, "चला, हे तरी सोसतं." सोसते, पण पोसत नाही. अशा खाण्याने वजन हळूहळू परत येते आणि अंगातले मांस मात्र झडत राहते. या मंडळींना रोज निदान ६० ग्रॅम प्रथिने हवीत, असे सर्वसाधारणपणे सांगतात. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम आणि १०० ग्रॅम पनीरमध्ये सुमारे १८ ग्रॅम प्रथिने असतात; यावरून हिशेब किती अवघड आहे ते कळेल. म्हणून ताटातला पहिला घास घट्ट वरण, उसळ, अंडे, पनीर, दही, मासे यांपैकी कशाचा तरी असावा, मग भाजी, आणि पोटात जागा उरली तर भात-भाकरी. आपल्या ताटाचा क्रम इथे अगदी उलटा करावा लागतो. उपवासाचेही तसेच. साबुदाण्याची खिचडी म्हणजे जवळजवळ सगळा चिकट पिठूळ अंश. साबुदाण्यात प्रथिने नावालाच असतात. तेव्हा निदान पहिल्या वर्षात उपवास धरण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.

आता थोडे घरच्या माणसांसाठी. आग्रह हा आपल्या पाहुणचाराचा प्राण आहे, आणि पानात काही टाकू नये हा आपला संस्कार. दोन्ही गोष्टी चांगल्या. पण लहान झालेल्या पोटाच्या माणसाला दोन्ही जाचक होतात. माझे एक सहकारी यावर तोडगा काढून बसले आहेत. ते ताटच घेत नाहीत. एक वाटी आणि लहान चमचा घेतात, अर्धी वाटी स्वतःच्या हाताने वाढून घेतात आणि सगळ्यांबरोबर शेवटपर्यंत पंगतीत बसतात. वाढणाऱ्याचा मान राहतो आणि अन्नही वाया जात नाही. घरच्यांनी एवढेच करावे, 'पुरे' हा शब्द पहिल्यांदाच खरा मानावा. वाढलेला तो एक जास्तीचा घास प्रेमाचा असला, तरी तो पोटात ठरणार नाही.

शिक्षकांना दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. तुमच्यापैकी कुणाची ही शस्त्रक्रिया झाली असेल, तर मधल्या सुट्टीत दहा मिनिटांत डबा संपवण्याची सवय मोडावी लागेल. डब्याचे दोन भाग करून ते दोन वेळा खावेत. दुसरे असे की, गावात रुग्णालयाचा कागद आला की तो वाचून घ्यायला लोक बहुधा शिक्षकांकडेच येतात. तेव्हा पुढचा भाग जरा नीट वाचा.

कधी घास अडकतो. छातीच्या मध्यभागी दुखते, तोंडाला फेसाळ लाळ सुटते. अशा वेळी पाणी पिऊन तो ढकलू नये. खाणे थांबवावे, ताठ बसावे किंवा हळूहळू चालावे. बहुधा थोड्या वेळाने मोकळे वाटते. असे क्वचित झाले तर भीती नाही. पण रोज उलटी होऊ लागली, तर "या ऑपरेशननंतर असं चालायचंच" म्हणून घरी बसू नये. बायपासनंतर पहिल्या काही महिन्यांत जोडाची वाट आवळली जाऊ शकते. तोंडातून दुर्बीण घालून ती लहानशा फुग्याने रुंद करता येते. पण त्यासाठी डॉक्टरांपर्यंत जायला तर हवे! पाण्याचा घोटही ठरेनासा झाला किंवा पोटात तीव्र वेदना होऊ लागल्या, तर त्याच दिवशी निघावे.

याचे कारण असे. 'ब-१' नावाचे जीवनसत्त्व, ज्याला थायामिन म्हणतात, त्याचा शरीरातला साठा दोन-तीन आठवडेच पुरतो. उलट्या चालू राहिल्या की तो संपतो आणि मेंदूवर परिणाम होतो. एकाची दोन दिसू लागणे, चालताना झोक जाणे, बोलण्यात गोंधळ होणे ही त्याची लक्षणे. उपचाराला उशीर झाला तर स्मरणशक्तीचे नुकसान कायमचे राहू शकते. आणि इथेच आपल्याकडे एक चूक होण्यासारखी असते. अशक्तपणा आला की आपण जवळच्या दवाखान्यात जाऊन म्हणतो, "डॉक्टर, एक सलाईन लावा." त्या बाटलीत ग्लुकोज असेल आणि ब-१ आधी किंवा बरोबर दिलेले नसेल, तर उरलासुरला साठाही खर्चून आजार बळावू शकतो. गावच्या डॉक्टरांचा यात दोष नसतो. पोटावर कोणती शस्त्रक्रिया झाली आहे हे त्यांना कुणी सांगितलेलेच नसते.

म्हणून शस्त्रक्रियेचे नाव, तारीख, रुग्णालयाचा फोन आणि चालू औषधे एका जाड कागदावर लिहून तो कागद पाकिटात ठेवावा. त्याची एक प्रत घरात सर्वांना दिसेल अशी लावावी. जीवनसत्त्वांच्या, लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या सांगितल्याप्रमाणे जन्मभर घ्याव्यात. लोह आणि कॅल्शियम यांच्यात दोन तासांचे अंतर ठेवावे, आणि लोहाची गोळी चहाबरोबर घेऊ नये. आणि पुढच्या वेळी अशा माणसाला तुमच्या घरी जेवायला बोलवाल, तेव्हा ताटाऐवजी एक वाटी मांडा आणि गप्पांना भरपूर वेळ ठेवा.