वयात येताना: पालकांनी काय पाहावे, काय बोलावे

माझ्या नावाआधी 'डॉ.' लागते ते अभियांत्रिकीतल्या पीएच.डी.मुळे, आणि पोट भरतो ते सॉफ्टवेअरवर. तरीही मंडळाच्या सहलीत किंवा गणपतीच्या आरतीनंतर कोणीतरी हळूच बाजूला घेऊन मुलांच्या तब्येतीबद्दल विचारतेच. घरात मुलगी मोठी आणि मुलगा धाकटा, त्यामुळे गेल्या काही वर्षांत मी या विषयावर पुष्कळ वाचले आणि आमच्या बालरोगतज्ज्ञ बाईंना प्रश्न विचारून भंडावून सोडले, हेही लोकांना ठाऊक आहे. सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न एकच: "अहो, मुलगी अजून नऊच वर्षांची आहे. एवढ्यात कशाला हा विषय काढायचा?"

वाचकहो, माझे उत्तर असे की नऊ म्हणजे लवकर नव्हे, कदाचित वेळेवर. आपण मराठी माणसे 'मुलगी वयात आली' म्हणतो ते पहिली पाळी आल्यावर आणि 'मुलगा वयात आला' म्हणतो ते मिसरूड फुटल्यावर. पण शरीराच्या हिशेबात या दोन्ही बऱ्याच उशिराच्या घटना आहेत. पाळी ही सुरुवात नसून सुरुवात होऊन साधारण दोन ते अडीच वर्षे झाल्यावर मिळणारी पावती आहे. मुलांचा आवाज फुटतो तेव्हाही निम्मी वाट चालून झालेली असते. आपण वाट पाहत बसतो त्या क्षणाची, आणि बोलायची वेळ त्याआधीच निघून जाते.

मुलींमध्ये पहिली खूण बहुधा स्तनाग्राखाली लागणारी बटणाएवढी गाठ. ती आठ ते तेरा या वयात केव्हाही दिसू शकते. बरेचदा ती एकाच बाजूला आधी येते, हाताला टणक लागते, धक्का लागला तर दुखते. आणि इथेच आई घाबरते, कारण 'छातीत गाठ' या शब्दांना आपल्या मनात एकच अर्थ आहे. दुसरी बाजू काही आठवड्यांत किंवा महिन्यांत मागून येते. ती गाठ दाबून पाहू नये आणि चोळू नये. काढून टाकायचा विचार तर मुळीच करू नये, कारण तोच पुढे वाढणाऱ्या स्तनाचा अंकुर असतो. काही मुलींत खालचे केस आधी येतात. पांढरा स्राव सुरू झाला की पाळी काही महिन्यांवर आली असे समजावे. घामाला मोठ्यांसारखा वास येणे किंवा काखेत एखाददुसरा केस दिसणे हे मात्र बरेचदा मूत्रपिंडांवर बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींचे काम असते, आणि त्यांचे वेळापत्रक वेगळे चालते.

मुलांची पहिली खूण तर कोणालाच दिसत नाही. नऊ ते चौदा या वयात अंडकोष मोठे होऊ लागतात, आणि तोपर्यंत चिरंजीव न्हाणीघराचे दार आतून लावून घेऊ लागलेले असतात. पालकांना कळते ते फार नंतर, पायाचा बूट वर्षात दोनदा लहान झाल्यावर. उंचीची मोठी झेप मुलींपेक्षा साधारण दोन वर्षांनी मागे असते. म्हणून सहावी-सातवीच्या वर्गाच्या फोटोत मुली उंच आणि मुलगे त्यांच्या खांद्याला लागणारे असे दृश्य दिसते, आणि त्या दोन वर्षांत बुटका मुलगा मनात काय काय साठवतो ते तो सांगत नाही. आणखी एक गोष्ट बापांनी लक्षात ठेवावी. जवळजवळ निम्म्या मुलांमध्ये या काळात छाती थोडी वाढते, दुखते, आणि सहा महिने ते दोन वर्षांत आपोआप उतरते. इमारतीत पोहण्याचा तलाव असूनही पोरगा अचानक 'मला पोहायला यायचे नाही' म्हणू लागला तर आळस समजण्याआधी हे कारण आठवावे.

माझ्यासारख्या आकडेबाज माणसाला सगळ्यात विश्वासार्ह वाटते ती उंची. देशात घराच्या चौकटीवर पेन्सिलीने रेघा मारतात. इथे भाड्याच्या फ्लॅटच्या भिंतीवर रेघ मारली तर जागा सोडताना डिपॉझिटमधून रंगाचे पैसे कापले जातात, म्हणून आम्ही कपाटाच्या आतल्या बाजूला कागदाची पट्टी चिकटवली आहे. घर बदलले की पट्टी बरोबर येते. दर सहा महिन्यांनी मोजतो. लहानपणी मूल वर्षाला पाच-सहा सेंटिमीटर वाढते. वयात येताना हाच वेग मुलींत आठ-नऊ आणि मुलांत नऊ-दहा सेंटिमीटरपर्यंत जातो. उंची किती यापेक्षा उंची वाढण्याचा वेग किती, याकडे पाहावे. मुलींची ही झेप पाळीच्या आधी येते. पाळी सुरू झाल्यावर बहुतेक मुली आणखी पाच-सात सेंटिमीटरच वाढतात. या सगळ्या टप्प्यांची शास्त्रीय मांडणी इंग्लंडचे डॉ. जेम्स टॅनर यांनी केली. हार्पेंडन इथल्या बालगृहातल्या मुलांची वर्षानुवर्षे मोजमापे घेऊन १९६९ साली मुलींचे आणि १९७० साली मुलांचे पाच टप्पे त्यांनी आणि मार्शल यांनी प्रसिद्ध केले. आजही डॉक्टर 'टॅनर दोन', 'टॅनर तीन' असेच बोलतात.

हे सुरू कोण करते? मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसमधून एक संदेश ठोक्याठोक्याने निघतो, पिट्युटरी ग्रंथी तो ऐकते आणि बीजग्रंथींना कामाला लावते. गंमत अशी की ही यंत्रणा नवी नसते. जन्मानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत ती चालू असते, मग अनेक वर्षे दाबून ठेवली जाते, आणि पुन्हा जागी होते ती आधी रात्रीच्या झोपेत. या जागे होण्यात ज्या रेणूचा हात आहे त्याचे नाव किसपेप्टिन. १९९६ साली अमेरिकेतल्या हर्शी गावच्या प्रयोगशाळेत त्याचे जनुक सापडले, आणि त्या गावच्या प्रसिद्ध 'किसेस' चॉकलेटवरून हे नाव पडले. वयात येण्याशी असलेला त्याचा संबंध कळायला २००३ साल उजाडले. आमच्या लेकीला ही चॉकलेटची गोष्ट बाकी सगळ्या माहितीपेक्षा जास्त आवडली.

शरीराचे झाले. खरी अडचण भाषेची आहे, आणि 'अडचण' हा शब्दच पाहा ना. घरोघरी पाळीला आपण 'अडचण' म्हणतो, 'बाहेरची' म्हणतो, 'कावळा शिवला' म्हणतो. इथे बाराव्या मजल्यावर काचेच्या खिडक्या वर्षभर बंद. कावळा शिवणार कुठून, असे मुलीने विचारले तर काय सांगाल? मुलांच्या वाट्याला तर याहून वाईट शब्द आला आहे. झोपेत वीर्य बाहेर पडणे ही या वयातली अगदी साधी गोष्ट, पण तिचे प्रचलित नाव 'स्वप्नदोष'. नावातच दोष! रेल्वेच्या कडेच्या भिंतींवर गुप्तरोगाच्या जाहिराती रंगवणाऱ्यांनी याच शब्दावर पिढ्यान्‌पिढ्या धंदा केला. मुलाला सकाळी ओली चादर दिसली आणि त्याआधी कोणी काही सांगितले नसेल, तर तो ती चादर लपवतो आणि आपल्याला रोग झाला असे समजतो.

आपल्या समाजात हा विषय कायम गप्पच होता असेही नाही. आपल्या पणज्यांना न्हाण आले की मखरात बसवत, गावभर साखर वाटत. ती जाहिरात होती, पण मुलीच्या कौतुकाची कमी आणि सासरी पाठवण्याची जास्त. १८९१ साली संमतिवयाचा कायदा आला आणि वयाची मर्यादा दहावरून बारा झाली, तेव्हा पुण्यात केवढे रण माजले! ऋतुप्राप्तीनंतर लगेच गर्भाधान झालेच पाहिजे, सरकारने यात पडू नये, असे लोकमान्य टिळकांच्या बाजूचे म्हणणे होते. पुढे लग्नाचे वय वाढले, मखर गेले, आणि त्याबरोबर बोलणेही गेले. त्या शांततेत र. धों. कर्वे हे गणिताचे प्राध्यापक उभे राहिले. १९२७ पासून १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवले. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना छापील उत्तरे दिली म्हणून त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ सालच्या खटल्यात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली, तरी कर्वे हरले. हस्तमैथुनाने शरीराची हानी होत नाही, हे सांगायला तेव्हा कोर्टाची पायरी चढावी लागत होती. आपण ते जेवणाच्या टेबलावर नाही तरी निदान गाडीत सांगू शकतो.

शाळेवर हवाला ठेवून चालत नाही. २००७ साली महाराष्ट्रात शालेय लैंगिक शिक्षणाचा कार्यक्रम विधिमंडळातल्या गदारोळानंतर थांबवण्यात आला. इथे आपली बरीच मुले सीबीएसईच्या शाळांत जातात. एनसीईआरटीच्या विज्ञानाच्या पुस्तकात किशोरवयाचा धडा अनेक वर्षे आठवीत होता. २०२५ च्या नव्या पुस्तकात तो सातवीत आला. म्हणजे मूल बाराव्या वर्षी तो वाचणार, आणि तोवर वर्गातल्या पुष्कळ मुलींची पाळी सुरू झालेली असणार. या देशात अश्लील संकेतस्थळांना बंदी आहे म्हणून काही पालक निर्धास्त असतात. पण बंदी संकेतस्थळांवर आहे, शाळेच्या बसमधल्या मागच्या सीटवर नाही.

शेजाऱ्यांकडून मात्र एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. इस्लाममध्ये रोज्याची जबाबदारी वयात आल्यापासून सुरू होते, आणि पाळीच्या दिवसांत रोजा न धरता ते दिवस नंतर भरून काढायचे असतात. म्हणजे या विषयावर घरात बोलण्यावाचून गत्यंतरच नाही. रमझानमध्ये मुलीची मैत्रीण एखाद्या दिवशी डबा खाताना दिसली आणि मुलीने घरी येऊन "असे का?" विचारले, तर विषय आपोआप तुमच्या दारात येऊन उभा राहतो. त्याला आत घ्यावे.

आमच्याकडे बोलणे गाडीतच झाले. शारजाहून दुबईकडे येताना वाहतूक तुंबली की पाऊण तास कुठे जातो कळत नाही. दोघांची नजर समोरच्या रस्त्यावर, तोंड चुकवायची गरज नाही, आणि उठून जायची सोय नाही. एका बैठकीत सगळे सांगायचे नाही. पाच मिनिटांची बोलणी वीस वेळा. शब्द साधे आणि खरे वापरले: पाळी, स्तन, लिंग, वीर्य. मुलीशी आईनेच आणि मुलाशी बापानेच बोलावे असा दंडक आम्ही ठेवला नाही. पत्नीची रुग्णालयात रात्रपाळी असते, आणि पाळी काही तिचे वेळापत्रक विचारून येणार नव्हती. पॅड कसे लावायचे ते मी लेकीला डब्यावरच्या चित्रावरून समजावले, ती म्हणाली, "बाबा, तुम्ही हे शेल्फ जोडायच्या सूचना वाचल्यासारखे वाचताय." दप्तरात एका साध्या पाऊचमध्ये दोन पॅड, एक अंतर्वस्त्र आणि काळी लेगिंग ठेवली, शाळेच्या नर्सबाईंची खोली कुठे आहे ते पाहून ठेवायला सांगितले. पहिली दोन वर्षे पाळी अनियमित असू शकते हेही सांगितले. आपल्या शरीराला कोणी नको तसा हात लावला तर काय करायचे, हे याच बोलण्यात बसते. वेगळे भाषण लागत नाही.

आता डॉक्टरकडे कधी जावे. मुलीत आठव्या वर्षाआधी आणि मुलात नवव्या वर्षाआधी खुणा दिसू लागल्या तर थांबू नये. मुलींत बहुतेक वेळा गंभीर कारण सापडत नाही, मुलांत मात्र ते सापडण्याची शक्यता जास्त असते. आमच्या परिचयातल्या एका घरी सात वर्षांची मुलगी वर्षात नऊ सेंटिमीटर वाढली. घरचे खूश, वर्गात सर्वांत उंच! देशातून आलेल्या आजीने अंघोळ घालताना छातीकडे लक्ष वेधले म्हणून तपासणी झाली. डाव्या मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचे वय पाहतात, ते तिच्या वयाच्या दोन वर्षे पुढे निघाले. लवकर सुरू झालेली वाढ लवकर संपते, हाडांची टोके मिटतात, आणि आज उंच दिसणारे मूल पुढे बुटके राहू शकते. मेंदूतून येणारा तो संदेश काही वर्षे थोपवणारी इंजेक्शने आहेत आणि ती वेळेत द्यावी लागतात. शिवाय मूल दिसते अकराचे आणि असते सातचे. लोक त्याच्याशी अकराच्या हिशेबाने वागतात. उलट बाजूने, तेराव्या वर्षापर्यंत मुलीत किंवा चौदाव्या वर्षापर्यंत मुलात काहीच हालचाल नसेल, किंवा पंधरा झाले तरी पाळी नसेल, तर तेही दाखवावे. 'आमच्या घराण्यात सगळे उशिरानेच वाढतात' हे पुष्कळदा खरे असते, पण ते डॉक्टरांना ठरवू द्यावे.

राहिली उन्हाळ्याची सुट्टी. जुलै-ऑगस्टमध्ये मुले आजोळी किंवा आजीकडे जातात आणि तिथे पाळी आली तर देवघर, स्वयंपाकघर आणि बाजूला बसणे हे प्रश्न उभे राहतात. त्यावर मुलीसमोर वाद नको, म्हणून मी जाण्याच्या महिनाभर आधी आईला फोन केला आणि सांगितले की नातीला वेगळे बसवायचे नाही. पलीकडे बराच वेळ शांतता. मग आई म्हणाली, "नाही बसवत रे. पण लोणच्याच्या बरणीचे काय?" मी म्हटले, "आई, तिला कैरीचे लोणचे फार आवडते. ती बरणी उघडणारच." त्यावर आईने बरणी दोन भागांत करून ठेवली, एक तिची आणि एक नातीची.