फोनवरचा धडा, माळावरचा चर

बालमित्रांनो, पाण्याची आगगाडी तुम्हाला ठाऊक आहे का? नसेल तर आईबाबांना विचारा. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याच्या टाक्या घेऊन रेल्वेगाडी लातूरला आली होती. इतका कडक दुष्काळ! आमच्या बीड जिल्ह्यातलं अंबाजोगाई लातूरपासून जवळच. तिथंही तीच तऱ्हा.

त्याच उन्हाळ्यात अंबाजोगाई तालुक्यात एक अजब स्पर्धा सुरू झाली. आमीर खान आणि किरण राव यांच्या पाणी फाउंडेशनचा ‘सत्यमेव जयते वॉटर कप’. पहिल्या वर्षी तालुके तीनच होते: बीडमधलं अंबाजोगाई, साताऱ्यातलं कोरेगाव आणि अमरावतीतलं वरूड. गावं ११६. पावसाळ्याआधी पाणी अडवण्याचं सगळ्यांत चांगलं काम करील त्या गावाला ५० लाखांचं बक्षीस! ते मिळालं कोरेगावच्या वेळू गावाला. (आमच्याकडे थोडी हळहळ झालीच!)

आता गंमत ऐका. दुष्काळात मदत यायची म्हणजे धान्य, कपडे नाहीतर पैसे. १९९३ साली किल्लारीला भूकंप झाला, तेव्हा वर्तमानपत्रांनी मदतनिधी उघडले होते. इथं मात्र आधी आला तो धडा. गावोगावच्या निवडक बायामाणसांना प्रशिक्षण मिळालं. आणि शिकलेलं विसरू नये म्हणून चित्रफिती होत्या, मोबाइलवर पाहता येणाऱ्या. माती कशी तपासायची, उतार कसा मोजायचा, दगडी बांध कसा रचायचा, सगळं मराठीतून. पाहा, थांबवा, पुन्हा पाहा! वर्गात मी फळा पुसला की धडा गेला. इथं तो खिशातच राहतो. मला तर जरा हेवाच वाटला.

पण फोन काही खड्डा खणत नाही. चित्रफीत बघून झाली की टिकाव, फावडं आणि घमेलं घेऊन माळावर जावंच लागतं, तेही एप्रिल-मेच्या उन्हात. म्हणून लोक भल्या पहाटे नाहीतर रात्री श्रमदान करायचे.

पुढं २०१७ मध्ये स्पर्धा ३० तालुक्यांत गेली, २०१८ मध्ये ७५. त्या वर्षी शहरातल्या लोकांनी इंटरनेटवर ‘जलमित्र’ म्हणून नाव नोंदवलं आणि १ मेला, महाराष्ट्र दिनी, फावडं धरायला ते गावांत आले. मोठ्या कामांसाठी भारतीय जैन संघटनेनं यंत्रं दिली. तिचे संस्थापक शांतिलाल मुथ्था मूळचे आमच्या बीड जिल्ह्यातलेच बरं का!

पैशाची वाटही बदलली. २०१५ मध्ये नाना पाटेकर आणि मकरंद अनासपुरे यांनी बीडमध्ये शेतकरी आत्महत्या झालेल्या घरांतल्या भगिनींना १५-१५ हजारांचे धनादेश दिले. मग ‘नाम फाउंडेशन’ उभं राहिलं. त्याच्या बँक खात्याचा नंबर टीव्हीवरून, फोनवरून घरोघर पोचला आणि थोड्याच दिवसांत कोट्यवधी रुपये जमले. मनीऑर्डरच्या काळात हे जमलं असतं का? आता तर चौकोनी क्यूआर कोडवर फोन धरला की झालं.

पालकांनो, इथं थोडं सांभाळा. मदतीच्या नावानं खोटे निरोपही तितक्याच वेगानं येतात. संस्थेचा नोंदणी क्रमांक विचारा. आणि पिन लागतो तो पैसे पाठवायला. मिळवायला कधीच लागत नाही.

आणखी एक गोष्ट मला खटकते. कुणी वह्या वाटतं, तेव्हा वही घेणाऱ्या मुलाचा फोटो काढतात आणि तो गावभर फिरतो. दहावीतल्या मुलाला तो फोटो वर्गमित्राच्या फोनवर दिसला तर कसं वाटेल? माझ्या मते वह्यांच्या गठ्ठ्याचा फोटो काढावा, तेवढा हिशेबाला पुरतो. माळावर चर खणणाऱ्यांचा फोटो मात्र खुशाल काढा. ते मान वर करून उभे असतात!

तो चर कुठं खणायचा हे सांगणारं यंत्र तुम्हालाही बनवता येईल. त्याला फोन लागत नाही, चार्जिंगही नाही. दोन सारख्या लांबीच्या काठ्या वर बांधा, मध्ये आडवी काठी लावा. इंग्रजी ‘ए’ तयार! वरून दोरीला दगड लटकवा, गवंड्याच्या ओळंब्यासारखा. दोरी आडव्या काठीला जिथं टेकेल तिथं खूण करा. मग पायांच्या जागांची अदलाबदल करून दुसरी खूण करा. दोन्ही खुणांच्या बरोबर मध्ये पक्की खूण. दोरी तिथं आली की दोन्ही पाय एकाच पातळीवर. एक पाय तसाच ठेवून दुसरा पुढं फिरवत जा आणि दर वेळी फक्कीची टिंबं टाका. टिंबं जोडली की समपातळीची रेघ मिळते. त्या रेघेवर खणलेल्या चरात पाणी धावत नाही, थांबतं आणि जमिनीत मुरतं. ‘सलग समतल चर’ तो हाच. शाळेच्या मैदानावर करून पाहा. मैदान वाटतं तितकं सपाट नाही, हे पाच मिनिटांत कळेल!